‘मला देवाने बोलावलंय’: पण मंडळी काय म्हणते?

२०२५ साली ख्रिस्ती धर्मगुरू तीनदा ठळक बातमीत आले. मे महिन्यात रोममध्ये नवे पोप निवडले गेले. लिओ चौदावे जन्माने शिकागोचे. कॉलेजात त्यांनी गणित घेतलं होतं आणि पुढे आयुष्यातली कितीतरी वर्षं पेरू देशात मिशनचं काम केलं. ऑक्टोबरमध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या सर्वांत वरिष्ठ धर्मगुरूच्या जागेसाठी, सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, आणि मूळच्या नर्स. या दोन्हींच्या आधी, एक एप्रिलला, मोहालीच्या न्यायालयाने पंजाबातल्या एका स्वयंघोषित पास्टरला बलात्काराच्या गुन्ह्यात जन्मठेप ठोठावली. तो हजारोंच्या सभा घ्यायचा, चमत्कार करतो म्हणायचा.

ख्रिस्ती नसलेले मित्र तेव्हापासून विचारतात, की ही माणसं त्या जागेवर पोचतात कशी? काही परीक्षा असते का? गुरवकीसारखं घराण्यात चालत येतं का? की सकाळी उठून ‘देवाने मला सांगितलं’ म्हटलं की कुणीही सुरू करू शकतो? खरं सांगायचं तर रविवारी नेमाने चर्चला जाणाऱ्या पुष्कळ ख्रिस्ती लोकांनाही हे नीट सांगता येत नाही. आपले पाळकसाहेब कुठून तरी बदलून आले आणि काही वर्षांनी कुठे तरी बदलून जातील, एवढंच त्यांना ठाऊक असतं.

आधी चार शब्द सांगतो. देवाने माणसाला एखाद्या कामासाठी बोलावणं म्हणजे पाचारण. मंडळी म्हणजे एका चर्चचा ख्रिस्ती समुदाय. तिची धार्मिक देखभाल करणारा तो पाळक. प्रॉटेस्टंट पंथात त्याला रेव्हरंड, पास्टर किंवा बोलताना पाद्रीसाहेब म्हणतात, कॅथलिक पंथात फादर. आणि हे पद ज्या विधीने मिळतं ती दीक्षा. लेखाला एवढे पुरतील.

बायबलमधली माणसं आधी नाहीच म्हणतात

पाचारण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आकाशातून आलेला आवाज उभा राहतो. बायबलमध्ये तसे प्रसंग आहेत, नाही असं नाही. पण ते नीट वाचले तर एक गंमत दिसते. ज्याला बोलावणं येतं तो बहुधा अंग काढून घ्यायला बघतो. जळत्या झुडपासमोर उभा असलेला मोशे आधी म्हणतो, मी असा कोण लागून गेलो? मग म्हणतो, मला बोलता येत नाही. शेवटी सरळ सांगतो, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. यिर्मया म्हणतो, मी अजून पोर आहे. योना तर उलट्या दिशेचं जहाज पकडतो. आमोस हा गुरं राखणारा आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा माणूस. तो ठणकावतो, की मी संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, नव्हतो आणि संदेष्ट्याचा मुलगाही नव्हतो. यशया एकटा चटकन म्हणतो, ‘हा मी आहे, मला पाठव’, पण त्याच्याही तोंडून आधी ‘माझं आता वाटोळं झालं’ निघून गेलेलं असतं.

म्हणून जुन्या पाळकांत एक अनुभवाचं बोलणं असतं, की जो फार हौसेने पुढे येतो त्याला जरा थांबवून बघावं. मला ते पटतं.

या सगळ्यांत मला सगळ्यात बोलका वाटतो तो शमुवेलचा प्रसंग. शिलो इथल्या देवमंदिरात हा मुलगा एली नावाच्या म्हाताऱ्या याजकाच्या, म्हणजे पुरोहिताच्या, हाताखाली राहतो. रात्री त्याला कुणीतरी हाक मारतं. तो धावत एलीकडे जातो, ‘तुम्ही बोलावलंत ना?’ एली म्हणतो, ‘नाही रे बाळा, जा, निज.’ असं तीनदा होतं. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्याच्या लक्षात येतं. तो सांगतो, की पुन्हा हाक आली तर म्हण, ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’

इथे दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. हाक शमुवेलला आली, पण ती कुणाची हे त्याला कळलं नाही; ते दुसऱ्याने ओळखलं. आणि ओळखणारा कोण? ज्याची दृष्टी मंद झालीय, ज्याचे स्वतःचे मुलगे याजकपदाचा गैरफायदा घेत मंदिरात अर्पणासाठी आलेल्या मांसावर हात मारतायत, असा थकलेला माणूस. पुढे देव शमुवेलला जो निरोप देतो तो नेमका एलीच्या घराविरुद्ध असतो. सकाळी पोरगं सांगायला घाबरतं. एली त्याला सगळं सांगायला लावतो आणि ऐकून घेतो. चर्चने पुढे जी काही पद्धत उभी केली तिचं बीज इथे आहे. ऐकणारा एक असतो आणि खात्री करणारा दुसरा, आणि खात्री करणाऱ्यालाही त्या निरोपातून सुटका नसते.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, हेच काम एकट्या माणसाकडून समुदायाकडे जातं. अंत्युखियाची मंडळी उपास आणि प्रार्थना करत असताना बर्णबा आणि शौल, म्हणजे पुढचा पौल, यांना वेगळं करा असं पवित्र आत्मा सांगतो. पौलाला दमास्कसच्या वाटेवर खुद्द ख्रिस्ताचं दर्शन झालं होतं, याहून मोठं प्रशस्तिपत्र काय हवं? तरीही मंडळीने त्याच्यावर हात ठेवले आणि मगच तो दौऱ्यावर निघाला.

आधी पाचारण सगळ्यांनाच

पाळक म्हणजे देवाच्या जवळचा आणि बाकीचे लांबचे, असा समज फार पसरलेला आहे. प्रॉटेस्टंट परंपरा तो मोडूनच सुरू झाली. १५२० साली मार्टिन लूथर याने लिहिलं, की बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, घेतलेला प्रत्येक जण याजकच आहे. चांभार, लोहार, शेतकरी यांचं काम हीसुद्धा देवाची सेवा आहे आणि पाळक वेगळा असतो तो फक्त कामाने, दर्जाने नव्हे. कॅथलिक चर्च दीक्षित धर्मगुरूचं याजकपण वेगळ्या जातीचं मानतं, तो मतभेद आजही आहे. पण १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने बाप्तिस्म्यातून येणाऱ्या सर्वांच्या पाचारणावर इतका भर दिला, की सामान्य माणसाच्या दृष्टीने दोन्ही बाजू पुष्कळ जवळ आल्या.

तेव्हा सारा मुलाली नर्स होत्या तेव्हा त्यांना पाचारण नव्हतं आणि दीक्षा घेतल्यावर आलं, असं चर्चच्या हिशेबात बसत नाही. शिक्षिका, कंडक्टर, आई, सगळ्यांना ते आहेच. पाळकाचं पाचारण म्हणजे त्यातली एक विशिष्ट नेमणूक. हे लक्षात घेतलं नाही तर पुढचं सगळं चढत्या पायऱ्यांसारखं वाटायला लागतं.

देव बोलला, हे कशावरून?

नास्तिक मित्र हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याला वाटतं आपण पेचात पकडलं. चर्च हाच प्रश्न स्वतःच्या उमेदवाराला शतकानुशतकं विचारत आलंय.

लग्नाचंच घ्या. मुलाला मुलगी आवडली, रात्र रात्र झोप नाही, कविता सुचतायत. हे सगळं खरं असतं, पण एवढ्यावर लग्न ठरत नाही. समोरून होकार लागतो, घरच्यांची बोलणी लागतात, चार लोकांसमोर विधी लागतो. नुसत्या आतल्या ओढीला आपण एकतर्फी म्हणतो. पाळकपणाचंही तसंच आहे. आतली ओढ हे अंतरीचं पाचारण, मंडळीचा होकार हे बाहेरचं पाचारण, आणि दोन्ही जुळल्याशिवाय दीक्षा नाही. चर्चमध्ये लग्नाआधी सलग रविवारी नावं पुकारतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. दीक्षेआधी उमेदवाराचं नावही कित्येक चर्चमध्ये असंच जाहीर होतं, आणि उमेदवाराविषयी अडचणीचं काही माहीत असेल तर ते कळवणं हे कॅथलिक कायद्याने भाविकांचं कर्तव्य ठरवलंय.

मंडळी नकारही देते. विल्यम केरी हे नाव मराठी भाषेच्या इतिहासात येतं. १८०५ साली त्याने मराठीचं व्याकरण छापलं. इंग्लंडमध्ये तो जोडे शिवण्याचं काम करायचा. १७८५ मध्ये ऑल्नी गावच्या बॅप्टिस्ट मंडळीसमोर त्याने उपदेश केला, कारण पाळक होण्याची परवानगी हवी होती. ऐकून मंडळीने ठराव केला, की सध्या जिथे उपदेश करतो आहे तिथे करत राहावं आणि पुन्हा कधीतरी आमच्यासमोर उभं राहावं, म्हणजे अजून पारख करता येईल. थोडक्यात, नापास. संमती मिळायला १७८६ चा ऑगस्ट उजाडला. याच केरीने पुढे दोन सहकाऱ्यांबरोबर १८१८ मध्ये श्रीरामपूर कॉलेज काढलं, बंगालमधलं श्रीरामपूर, आपलं नव्हे. भारतातल्या बऱ्याच पाळकांच्या पदव्या आज श्रीरामपूरच्याच नावाने मिळतात.

पारख होते कशी?

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात एक यादी आहे. मंडळीवर देखरेख करणारा माणूस पाहुणचार करणारा असावा, दारूच्या नादी लागलेला नसावा, भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा. तो नव्याने विश्वासात आलेला नसावा, नाहीतर गर्वाने फुगेल. आणि मंडळीबाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं असावं. या यादीत चमत्कार कुठेच नाही. वक्तृत्वाबद्दल फक्त ‘शिकवण्यात निपुण’ एवढंच आहे. बाकी सगळं घरात आणि गल्लीत दिसणारं वागणं. त्याच पत्रात पुढे ताकीद आहे, कुणावर हात ठेवायची घाई करू नकोस.

प्रत्यक्षातली वाट चर्चगणिक बदलते. महाराष्ट्रात प्रॉटेस्टंटांचा एक मोठा गट चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट अशा वेगवेगळ्या परंपरांच्या सहा चर्चांनी एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात हे चर्च स्थापन केलं. तिथे साधारण असं होतं. तरुण आपल्या पाळकाला सांगतो. स्थानिक मंडळीची कमिटी शिफारस करते. मग बिशपच्या, म्हणजे अनेक मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या धर्मगुरूच्या, अखत्यारीतलं मंडळ, ज्याला डायोसिस म्हणतात, मुलाखती घेतं. कधी वर्षभर एखाद्या पाळकाच्या हाताखाली राबवून घेतं. मग ईश्वरविज्ञानाच्या कॉलेजात चार-पाच वर्षं. पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ही दुसरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला आली. शिकून आल्यावर आधी डीकन, म्हणजे सहायक सेवक, आणि नंतर प्रेस्बिटर, म्हणजे पूर्ण पाळक.

कॅथलिकांची वाट याहून लांब. तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान मिळून किमान सहा वर्षं, मध्ये प्रत्यक्ष कामाचा काळ, आजन्म ब्रह्मचर्याचं आणि बिशपच्या आज्ञापालनाचं वचन, आणि वयाची पंचविशी पूर्ण झाल्याशिवाय फादर होता येत नाही. पोप लिओ १९७७ साली पदवी घेऊन ऑगस्टिनियन संघात गेले आणि त्यांची गुरुदीक्षा झाली १९८२ मध्ये. मधली वर्षं केवळ अभ्यासाची नसतात. तो मुलगा जेवणाच्या टेबलावर कसा वागतो, एकटा पडला की काय करतो, त्याच्यावर रागावलं तर कसा घेतो, हे शिकवणारे फादर बघत असतात. मध्येच कुणी सोडून गेलं तर ते अपयश मानत नाहीत. निदान मानू नये असं शिकवतात. गावाकडे नातेवाइकांचं तोंड बंद करणं वेगळी गोष्ट.

बॅप्टिस्टांसारख्या मंडळ्यांत बिशप नसतो. मंडळीच मत देऊन पाळक बोलावते आणि मंडळीच त्याला निरोप देऊ शकते. पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चर्चांपैकी काहींच्या देशभर पसरलेल्या संघटना आहेत आणि त्यांचे परवान्याचे स्वतःचे नियम आहेत. उरतात ती पूर्ण स्वतंत्र चर्चेस, जिथे पाळक स्वतःच संस्थापक, स्वतःच अध्यक्ष आणि ट्रस्टवर त्याचीच बायको नि मेहुणा. त्यांच्यातही सचोटीची माणसं आहेत, कर्ज काढून पत्र्याच्या शेडमध्ये लोकांची सेवा करणारी. पण तिथे एली कुणी नसतो, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे.

हात ठेवतात तेव्हा

दीक्षाविधी एकदा तरी बघावा. कुणालाही चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून बघता येतो. कॅथलिक विधीत उमेदवार पांढऱ्या झग्यात वेदीसमोर पालथा पडतो, कपाळ थेट फरशीला, आणि सगळं चर्च संतांची नावं घेत लांबलचक प्रार्थना म्हणतं. मग तो उठून गुडघे टेकतो. बिशप काही न बोलता त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतात, आणि पाठोपाठ हजर असलेले फादर एकेक करून येतात आणि हात ठेवून जातात. म्हातारे, तरुण, त्याला ओळखणारे, न ओळखणारे. त्याच्या तळहातांना पवित्र तेल लावतात. काही ठिकाणी ते तेल पुसलेला रुमाल आईला देतात आणि ती गेली की तिच्याबरोबर पुरतात.

प्रॉटेस्टंट विधी साधा, पण गाभा तोच. बिशप लोकांना विचारतात, याला दीक्षा द्यावी अशी तुमची इच्छा आहे का, आणि लोक मोठ्याने होकार देतात. मग हात ठेवणं, मग हातात बायबल. डीकन असताना गळ्यातली पट्टी डाव्या खांद्यावरून तिरकी असते, ती त्या दिवशी गळ्याभोवती सरळ होते. पुढच्या बाकावर बसलेल्या मावशी त्या पट्टीकडे बघून रडतात, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

मग पाळक दिवसभर करतो काय?

रविवारची तासा-दोन तासांची उपासना सोडली तर उरलेला आठवडा रिकामा, अशी एक चेष्टा आहे. पाळकाच्या बायकोला विचारा.

उपदेश तयार करणं, प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा प्रसाद, देणं, बाप्तिस्मे, लग्नं, प्रेतविधी, ही दिसणारी कामं. न दिसणारी जास्त. घरभेटी, प्रत्येक घरी चहा आणि प्रत्येक घरी शेजारच्या घराची तक्रार. इस्पितळात जाऊन पेशंटपाशी बसणं. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला समजावणं आणि तो नाही समजला तर त्या बाईला माहेरी पोचवणं. रात्री दोन वाजता मयताचा फोन येतो तेव्हा कबरस्तानात खड्डा कुणी खणायचा इथपासून त्यालाच बघावं लागतं. शिवाय नोंदवह्या. बाप्तिस्म्याची, लग्नाची, दफनाची. पन्नास वर्षांपूर्वीच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागायला कॅनडाला निघालेला नातू येतो आणि पाळक वाळवी लागलेली वही उलगडून त्यात आजोबांचं नाव शोधतो.

पाळकाने याच्याबाहेर जावं का, यावर वाद होतच असतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईत हिरवा पट्टा वाचवायला आंदोलन उभं केलं तेव्हा फादरांचं हे काम नव्हे असं म्हणणारेही होते. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, मराठी लेखक, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष; २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या लेखी विहिरी आटणं आणि जमिनी बळकावल्या जाणं हे आपल्याच माणसांवरचं संकट होतं, आणि माणसं राखायला नेमलेल्याने ते बघत बसणं त्यांना जमलं नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायात देव मेंढपाळांना झाडतो तो याचसाठी, की तुम्ही दूध खाल्लंत, लोकर पांघरलीत आणि दुबळ्याला बळ दिलं नाहीत.

‘देवाचं काम, मग पगार कशाला?’

हा आक्षेप मंडळीतूनच येतो, आणि बहुतेक वेळा वर्गणी न देणाऱ्याकडून. पौलाची यावर दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांना काटतात. करिंथकरांना तो लिहितो, की सुवार्ता सांगणाऱ्याने त्यावर जगणं हा त्याचा हक्क आहे. लगेच सांगतो, मी मात्र तो हक्क बजावला नाही. तो तंबू शिवण्याचं काम करून पोट भरायचा. आजही नोकरी करून पाळकपण करणारे आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि पुढे अहमदनगर, आत्ताचं अहिल्यानगर, हे त्यांचं मोठं केंद्र झालं. पाळक मिशनरी, पैसा बोस्टनचा. १८५४-५५ मध्ये मिशन चालवणाऱ्या बोस्टनच्या संस्थेचे सचिव रूफस अँडरसन स्वतः आले आणि त्यांनी आग्रह धरला, की इथल्या मंडळ्यांना इथलेच पाळक हवेत आणि त्यांचा खर्च मंडळ्यांनीच उचलायला हवा. त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगरात दीक्षा मिळाली. तत्त्व उत्तम होतं. पण गावोगावचे ख्रिस्ती बहुसंख्य महार-मांग समाजातून आलेले, भूमिहीन, दुष्काळात होरपळलेले. पाळकाला ते देणार कुठून? तर त्यांनी धान्य दिलं. सुगीच्या सणाला चर्चमध्ये जोंधळा, भोपळे, कोंबड्या आणून लिलाव करायची रीत अजून आहे. एखादं अंडं कुणी पन्नास रुपयांना घेतं, पुन्हा मंडळीला देतं, ते पुन्हा लिलावात येतं, असं करत करत त्या एका अंड्याचे पाचशे होतात. पाळकसाहेब तोवर नजर दुसरीकडे लावून बसलेले असतात, कारण त्यातला वाटा त्यांच्या पगारात जाणार हे सगळ्यांना माहीत असतं.

याच्या उलटं उदाहरण नारायण वामन टिळकांचं. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे ते दीक्षित पाळक झाले, मिशनचं काम केलं, त्यांची भजनं आजही दर रविवारी गायली जातात. आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. संन्याशासारखं राहायचं ठरवलं, ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकतील. पगाराच्या बांधणीत आपलं पाचारण मावत नाही असं त्यांना वाटलं. मिशनच्या काही लोकांना ते रुचलं नाही. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. म्हणून ते पाचारण खोटं होतं असं म्हणायला मात्र मी धजणार नाही.

बायकांना हाक येत नाही का?

येते, आणि त्यावर चर्चांत दोन तट आहेत. कॅथलिक चर्च स्त्रियांना गुरुदीक्षा देत नाही. १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्पष्ट केलं, की ख्रिस्ताने बारा पुरुषच निवडले आणि हे बदलायचा अधिकार चर्चला नाही. धर्मभगिनींचं पाचारण ते पूर्ण मानतात, पण मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, त्या करू शकत नाहीत. त्याच १९९४ साली इंग्लंडच्या चर्चमध्ये पहिल्यांदा स्त्रियांना पुरोहितपदाची दीक्षा मिळाली. आपल्या देशात हे त्याआधीच झालं: चर्च ऑफ साउथ इंडियाने १९७६ मध्येच स्त्रीला दीक्षा दिली आणि २०१३ मध्ये पुष्पा ललिता या नंद्यालच्या बिशप झाल्या.

पंडिता रमाबाईंना कुणी दीक्षा दिली नाही. केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या हजारो मुली-बायका सांभाळल्या, हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने संपूर्ण बायबल मराठीत आणलं, आणि धर्मगुरूंच्या हुकमतीखाली राहणार नाही हे इंग्लंडमधल्या धर्मभगिनींना पत्रांतून निक्षून कळवलं. त्या पाळक नव्हत्या हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. केडगावच्या मुलींना ते कुणी सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या.

पाळकच घसरला तर?

हा प्रश्न चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत पेटला. रोमन छळाच्या वेळी काही धर्मगुरूंनी भीतीपोटी पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले होते. छळ संपल्यावर एक गट म्हणू लागला, की असल्यांनी दिलेले बाप्तिस्मे रद्द. संत ऑगस्टिन यांनी, ज्यांच्या नावाच्या संघाचे पोप लिओ आहेत, त्याला उत्तर दिलं, की संस्कार देणारा खरा ख्रिस्त आहे, पाळक केवळ हात आहे. पाळक लबाड निघाला म्हणून तुमचा बाप्तिस्मा किंवा तुमचं लग्न खोटं ठरत नाही. घाबरलेल्या भाविकांना या विचाराचा केवढा आधार वाटला असेल!

पण त्याच विचाराची पुढे ढाल झाली. ‘अभिषिक्ताला हात लावू नका’ असं म्हणत कितीतरी प्रकरणं झाकली गेली. देशोदेशी मुलांवरचे अत्याचार झाकून धर्मगुरूला गुपचूप दुसरीकडे बदली देण्यात आली, हे आता चौकशांतून उघड झालंय. कँटरबरीची जागा रिकामी झाली तीच मुळी यामुळे: चर्चच्या शिबिरांशी संबंधित एका वकिलाने वर्षानुवर्षं मुलांवर केलेल्या अत्याचारांबाबत पुरेशी हालचाल झाली नाही, असा ठपका अहवालात आल्यावर जस्टिन वेल्बी यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीनामा जाहीर केला. तेव्हा नियमांनी बांधलेलं चर्च म्हणजे सुरक्षित चर्च, असा निष्कर्ष कुणी काढू नये. फरक आहे तो एवढाच, की तिथे जाब विचारायला एक दार असतं, अहवाल मागता येतो, पद काढून घेता येतं. मोहालीच्या प्रकरणात त्या बाईला चर्चमध्ये ठोठावायला दारच नव्हतं. ती पोलिसांत गेली आणि निकाल लागायला सात वर्षं गेली.

आपल्या दारी आलेला पास्टर

हे सगळं वाचून लग्न ठरलेल्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी. महाराष्ट्रात ख्रिस्ती लग्नं १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली होतात. ती कुणी लावायची हे कलम ५ मध्ये दिलंय: बिशपकडून दीक्षा मिळालेले धर्मगुरू, सरकारकडून परवाना मिळालेले धर्मसेवक, विवाह निबंधक, असे ठरावीक लोक. अधिकार नसताना लग्न लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणून पास्टरांना दीक्षा कुणी दिली, परवाना कुठला, लग्नाची नोंद कुठल्या वहीत होणार, हे विचारायला लाजू नका. खरा पाळक चिडत नाही, उलट कपाटातून कागद काढून दाखवतो.

आणि घरातल्याच पोराने एक दिवस सांगितलं, की मला देवाची हाक आलीय, तर? आईबाप एकतर रडतात नाहीतर पेढे वाटतात. दोन्ही जरा लवकर होतं. अनुभवी पाळकांची ठरलेली पद्धत आहे. ते त्या मुलाचं पूर्ण ऐकून घेतात, त्याच्यासाठी प्रार्थना करतात, आणि येत्या रविवारपासून संडे स्कूलचा बालवर्ग त्याच्या हवाली करतात. पंचवीस पोरं, एक चटई, फुटका तबला. पुढचं बोलणं वर्षभराने.